हिशेबाबाहेरचे पैसे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या साताऱ्याच्या घरी चौरंगावर दादांच्या हिशेबाच्या वहीला मानाची जागा असे. आम्ही काही व्यापारी पेशाचे नव्हतो. दादा एका कचेरीत कारकून होते. आणि दिवसभर दुसऱ्याच्या आकड्यांवरून मान वर न काढणारा हा माणूस घरी आल्यावर पुन्हा आपणहून एक वही उघडून बसतो, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. लाल कापडी बांधणीची ती लांबट वही. तिच्यावर ते स्वतः हळदकुंकू वाहत. शेजारी आईने त्याच दिवशी आणलेली नवी केरसुणी असे; तिला आई हळदकुंकू वाही. मग धणे-गूळ, लाह्या-बत्तासे, आणि आम्हां भावंडांचे डोळे बत्ताशांकडे. वहीत जमाखर्च, केरसुणीत स्वच्छता. संसार चालायला आणखी काय लागते?

आणखी एक गोष्ट लागत होती, पण ती त्या चौरंगावर कधी आली नाही. ती स्वयंपाकघरातल्या फडताळात, डालड्याच्या रिकाम्या पिवळ्या डब्यात, हरभऱ्याच्या डाळीखाली असे.

दादांची हिशेब लिहिण्याची रीत ठरलेली होती. रात्रीची जेवणे झाली की ते ओसरीवरच्या दिव्याखाली बसत, टाक दौतीत बुडवीत आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणत, "हं, सांग." आई आवराआवर करता करता आतून सांगे, "दूध सहा आणे. भाजी आठ आणे. दळण दोन आणे. काड्यापेटी एक." दादा लिहून घेत, बेरीज करीत, आणि ती जमली की वही मिटताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पुढे मी फक्त उत्तम भजन ऐकून उठणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. दादा कंजूष नव्हते, हे येथेच सांगून टाकतो. स्वतःचा पानाचा विडा, रविवारी हॉटेलात घेतलेला चहा, हेही ते त्याच वहीत लिहीत. वाटेत कुणा आंधळ्याच्या हातावर ठेवलेला एक पैसादेखील 'धर्म' या सदराखाली लिहिलेला मी पाहिला आहे. त्यांनी स्वतःला कधी सूट दिली नाही. आणि ज्याने स्वतःला सूट दिली नाही, त्याच्याकडे सूट मागायची तरी कशी?

म्हणून आई मागत नसे. ती घेत असे.

मंडईतून भाजी आणायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे या प्रकारात मी फार लवकर सामील झालो. संध्याकाळी उशिरा, भाजीवाल्या टोपल्या आवरायच्या घाईत असताना जायचे, पलीकडच्या टोकापर्यंत चालायचे, आणि मग घ्यायचे, असा आईचा दंडक होता. आठ आण्यांची भाजी अशी सात आण्यांत येई. घरी आल्यावर आई उरलेला आणा आपल्या मुठीत घेई आणि हलक्या आवाजात म्हणे, "दादांनी विचारलं तर आठच सांग हं." दादा विचारीत, मी सांगत असे. त्याच सुमारास अक्षर सुधारावे म्हणून दादा माझ्याकडून रोज कित्ता गिरवून घेत. कित्त्याची पहिली ओळ 'नेहमी खरे बोलावे' अशी होती. ती ओळ मी फार सुरेख काढीत असे.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. शंभराला सोळांनी नीट भाग जात नाही, ही गोष्ट शाळेत आम्हांला गुरुजींनी शिकवली. तिचा उपयोग मात्र मला आईने शिकवला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हायचे, पण पाव पैसा कोण देणार? म्हणून कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे ठरले होते. आई मेथीच्या चार जुड्या एकदम घेऊ देत नसे. एकेक आण्याची एकेक जुडी, चार वेगवेगळ्या बायकांकडून. चोक चोवीस. दादांना सांगायचे पंचवीस. त्या एका नव्या पैशाचे मला तेव्हा केवढे कौतुक वाटले होते! आता वाटते, तो काही आकाशातून पडला नव्हता. त्या चार भाजीवाल्यांनी पाव पाव पैसा सोडला होता आणि त्यांच्या घरी कदाचित फडताळदेखील नसेल. काटकसरीचे गोडवे गाताना ती कुणाच्या पदरातून झाली, हे आपण सहसा विचारीत नाही.

डब्याचा शोध मला गुळामुळे लागला. एका दुपारी आई निजलेली पाहून मी फडताळावर चढलो आणि चुकीच्या डब्यात हात घातला. डाळीखाली रुमालाची पुरचुंडी लागली. ती सोडून पाहतो तो नोटा, अधेल्या, पावल्या. मागे वळलो तर आई उभी. ती रागावली नाही. तिने पुरचुंडी पुन्हा बांधली, डाळ वर ओढली, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "ते ताईचे आहेत." एवढेच. लाच म्हणायची तर ती फारच स्वस्तातली होती, पण मी ती आयुष्यभर पाळली.

ताई माझी थोरली बहीण. तिला मॅट्रिकनंतर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात धाडून शिक्षिका करायचे, हे आईच्या मनाने कधीच घेतले होते. तिने एकदा दादांपाशी तो विषय काढल्याचे मला आठवते. दादा म्हणाले, "बघू." दादांचे 'बघू' म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होते.

येथवर ही गोष्ट कुठल्याही मराठी घरातली म्हणून खपून जाईल. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी असा एखादा डबा असेल. कुठे तांदळाचा, कुठे पापडांचा, कुठे देव्हाऱ्यामागचा. आपण त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. अडीअडचणीला आईने डबा उघडला आणि घर तरले, अशी त्या गोष्टीची अखेर आपल्याला आवडते. आमच्या घरी अडचण आली तेव्हा डबा उघडला गेला नाही. तेच मला आज सांगायचे आहे.

1962 च्या पावसाळ्यात गावाकडे काका विषमज्वराने पडले. त्यांना साताऱ्याला आणून दवाखान्यात ठेवावे लागले. दादांना 200 रुपये हवे होते आणि महिन्याची अखेर होती. दोन रात्री दादा वही पुढे घेऊन बसले. पण वहीत नसलेले पैसे वही किती वेळ पाहिली म्हणून सापडणार? डब्यात त्या वेळी दीडशेच्या आसपास रुपये होते. हे घरात दोघांनाच ठाऊक होते, एक आई आणि दुसरा मी. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या, फुलपात्रातल्या पाण्याने मनगटे ओली करून, दातांवर दात धरून काढल्या, आणि दादांपुढे ठेवल्या. दादांचे डोळे भरून आले. मी आईकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

पाटल्या सराफाकडे गेल्या. दरमहा शेकडा दीड रुपया व्याज. म्हणजे महिन्याला 3 रुपये. आणि त्या सोडवून आणायला 26 महिने लागले. 78 रुपये! दादांनी घरी येणारे वर्तमानपत्र बंद केले आणि ते संध्याकाळी वाचनालयात उभ्याने वाचू लागले. रविवारचा चहा वहीतून नाहीसा झाला. वाचनालयातून परतताना त्यांना उशीर होई, आणि मी ओसरीवर अभ्यासाला बसलेला असे. त्यांची पावले ऐकली की मला घशात डाळीचा दाणा अडकल्यासारखे वाटे.

काका बरे झाले. पुढच्या वर्षी ताई मॅट्रिक झाली, आणि जून 1963 मध्ये मामाकडून 180 रुपये आल्याचे आईने दादांना सांगितले. मामाने तशी मनीऑर्डर खरोखरच केली होती. आईने त्याला आधी कुणाबरोबर तरी पैसे पोचते केले होते. ताई पुण्याला गेली, शिक्षिका झाली. पुढे तिच्या यजमानांची नोकरी गेली, तेव्हा तिच्याच पगारावर तिचे घर सात वर्षे उभे राहिले.

पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारले, "तेव्हा पाटल्या का दिल्यास? डबा का नाही उघडलास?" ती शेंगा फोडीत होती. म्हणाली, "पाटल्या सोडवून आणता येतात. डबा एकदा उघडला की उघडलाच."

आईने केले ते बरोबर होते का? या प्रश्नाने मला जितके छळले आहे तितके मोठमोठ्या ग्रंथांतल्या प्रश्नांनी छळलेले नाही. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या नकळत घेणे. पण तो आणा दुसऱ्याचा होता का? दादांनी आठ आण्यांच्या भाजीला संमती दिली होती आणि आठ आण्यांच्या भाजीइतकी भाजी घरात आली होती. मधला आणा आईच्या अक्कलहुशारीतून आणि तिच्या पोराच्या पायपिटीतून निर्माण झाला. कचेरीत कुणी असे काम दाखवले असते तर त्याला बढती मिळाली असती. तेव्हा पैशापुरती तरी ती चोरी नव्हती, असे मी स्वतःला पटवले आहे. पण खोटे बोलणे तर होतेच! आणि त्या 26 महिन्यांचे व्याज कुणाच्या नावे लिहायचे? ते दादांच्या चहातून गेले, आम्हां सर्वांच्या ताटातून गेले. ताईची सारी नोकरी एका पारड्यात आणि वाचनालयात उभे असलेले दादा दुसऱ्या पारड्यात घालून मी अनेकदा तागडी उचलून पाहिली आहे. काटा कधी स्थिर होत नाही.

शास्त्रांत काही आधार सापडतो का म्हणून मी मनुस्मृती चाळली. नवव्या अध्यायात गंमत आहे. आरंभीच सांगितले आहे की द्रव्याचा संग्रह आणि व्यय या कामी पत्नीला नेमावे. म्हणजे किल्ल्या तिच्या कमरेला. पण त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की, कुटुंबाच्या सामाईक धनातून स्त्रियांनी वेगळा साठा करू नये, आणि नवऱ्याच्या धनातूनही त्याच्या आज्ञेवाचून करू नये. स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजले आहेत. लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, भावाने, आईने, बापाने दिलेले. सगळे कुणीतरी दिलेले. तिने वाचवलेले त्या यादीत नाही. किल्ली द्यायची आणि खिसा द्यायचा नाही, असा हा कारभार! मनूने ज्या अर्थी मनाई केली, त्या अर्थी तेव्हाच्या बायका साठा करीत असल्या पाहिजेत, एवढेच समाधान मी त्यातून काढले. कुणी करीतच नाही त्या गोष्टीला मनाई करण्याच्या भानगडीत कोण पडेल?

इंग्रजांकडे पाहावे तर त्यांचेही फारसे निराळे नाही. 1943 साली तिकडच्या अपील कोर्टापुढे ब्लॅकवेल नावाच्या जोडप्याचे भांडण आले होते. बाईने घरखर्चातून वाचवून सहकारी भांडारात शंभराहून थोडे अधिक पौंड साठवले होते. कोर्टाने निकाल दिला की पैसे नवऱ्याचे. घरखर्चासाठी दिलेल्या पैशातून उरले ते देणाऱ्याचे. बाईने कोबी स्वस्तात आणला याचा मोबदला शून्य! तो न्याय बदलायला त्यांना 1964 साल उजाडावे लागले. तेव्हा कायदा झाला की, वेगळे काही ठरलेले नसेल तर अशी शिल्लक दोघांची निम्मी-निम्मी. 1964 म्हणजे आईच्या पाटल्या सुटून आल्या ते साल. लंडनच्या पार्लमेंटला आमच्या फडताळाची खबर लागली असणार, असे मी ताईला थट्टेने म्हणत असे.

आपल्याकडे या प्रश्नाची जाहीर वाच्यता झाली ती अगदी अलीकडे, आणि तीही अवचित. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. 1978 सालीही मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या, पण त्या हजार, पाच हजार, दहा हजारांच्या. आमच्यासारख्यांच्या डाळीत तसल्या नोटा निघण्याचा संभव नव्हता. या वेळी मात्र गावोगावची फडताळे उघडली. दिवाळी होऊन नऊ दिवस झाले होते, फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. आई तेव्हा 88 वर्षांची, आमच्याकडे पुण्यालाच राहत होती. बातमी ऐकून ती रात्री बराच वेळ जागी होती. सकाळी तिने माझ्या पत्नीला आत बोलावले आणि ट्रंकेतून साताऱ्याहून आणलेला तोच पिवळा डबा काढून दिला. पाचशेच्या 43 नोटा निघाल्या. त्यांना हिंगाचा वास येत होता.

मी मोठ्याने हसलो. माझे हसणे संपायच्या आत पत्नी आपल्या खोलीत गेली आणि साड्यांच्या घडीतून एक पाकीट घेऊन आली. त्यात 31,000 रुपये होते.

माझे हसणे तेथेच थांबले. खरे सांगतो, मला फार लागले. दादांच्या वहीचा मला एवढा धसका होता की मी माझ्या संसारात हिशेब कधी लिहिलाच नाही. पगार कपाटात ठेवायचा, जिला लागेल तिने घ्यावा, ही माझी रीत. आणि या उदारपणाबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटीत असे. मी म्हणालो, "पण मी तुला कधी हिशेब विचारला का?" ती म्हणाली, "नाही विचारलात. पण दर वेळी 'इतके?' असं म्हणालात."

मी आठवून पाहिले. म्हणालो होतो. साडी पाहून म्हणालो होतो, चपला पाहून म्हणालो होतो, तिच्या बहिणीच्या मुलीला आहेर केला तेव्हाही. रागाने नव्हे, निव्वळ सवयीने, महागाईला उद्देशून. पण ऐकणारे माणूस महागाई नव्हते. दादांचे 'हं, सांग' निदान रात्री एकदाच येई. माझे 'इतके?' दिवसभर घरात टांगलेले होते.

बँकेच्या रांगेत मी आईचे पासबुक आणि पत्नीचे पाकीट घेऊन उभा राहिलो. पुढे-मागे पुष्कळ बायका होत्या. प्रथम कुणी कुणाकडे पाहत नव्हते. जणू सगळ्यांची लुगडी एकदमच वाऱ्याने उडाली होती. मग एकीने शेजारणीला हळूच विचारले, "तुमचे कशात होते?" "साबुदाण्यात." आणि दोघी तोंडाला पदर लावून जे हसत सुटल्या, ते हसू साऱ्या रांगेत पसरले. दोन-तीन नवरे मात्र माझ्यासारखेच गंभीर उभे होते. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. आणि 2021 साली आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा येथील पीठाने, गृहिणीने घरखर्चातून साठवलेली एवढी रक्कम लपवलेले उत्पन्न धरता येणार नाही, असा निर्णय दिला. आईला ते कळायला हवे होते. ती 2019 साली गेली.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर डबा हे पैसा ठेवायचे वाईट ठिकाण आहे. त्याला व्याज नाही. आईने पहिली पाचशेची नोट त्यात टाकली तेव्हा तिच्यात जेवढे तूप येत होते, त्याच्या निम्मेही ती बाहेर निघाली तेव्हा येत नव्हते. वाळवी आहे, विसर आहे, आणि एखाद्या रात्री नोटच रद्द होते. पोस्टात स्वतःच्या नावाचे पुस्तक काढले असते तर त्या रकमेचे कितीतरी अधिक झाले असते. हे मी पत्नीला सांगितले, आणि त्यावर एक योजनाही मांडली. दर महिन्याला एक ठरावीक रक्कम तिच्या एकटीच्या नावे टाकायची, तिचा हिशेब मी कधी विचारणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे हिशेब न विचारण्याचे पैसे तुम्ही देणार. तेही तुम्हीच दिलेले झाले की!" याला उत्तर मला सुचले नाही. तरी योजना चालू आहे. पासबुक कुठे असते ते मला माहीत नाही.

आता आमच्या मुलाचा संसार आमच्यासमोर चालला आहे. तो आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात, दोघांचे पगार एकाच जोडखात्यात येतात. भाजीवालीलासुद्धा फोनवरून पैसे दिले जातात, आणि तिने पावशेर मिरच्या घेतल्या की क्षणात त्याच्या फोनवर टिंग वाजते. दादा असते तर त्यांना हा फोन देव्हाऱ्यात ठेवावासा वाटला असता. वही आपली आपणच लिहिली जाते, बेरीज कधी चुकत नाही, आणि सातचे आठ सांगायला पोराला शिकवावे लागत नाही. खोटेपणा गेला हे चांगलेच झाले. माझ्या नातीला मंडईतून परतताना पोटात गोळा येत नाही.

पण परवा जेवताना मुलाने विचारले, "आज आठशे चाळीस कसले गं?" त्याच्या स्वरात काहीच नव्हते, माझ्या 'इतके?'मध्येही काही नव्हते. सूनबाईचा घास क्षणभर हातात राहिला. मग ती म्हणाली, "मैत्रिणीचा वाढदिवस होता." पुढे कुणी काही बोलले नाही. नंतर मी मुलाला एकट्याला गाठून थोडेसे बोललो, तर तो म्हणाला, "बाबा, माझंही सगळं तिला दिसतंच की. लपवायचं काय त्यात?" त्याचे म्हणणे सरळ आहे आणि त्याला खोडून काढणे सोपे नाही. दादाही स्वतःचा विडा वहीत लिहीतच होते. दोघांचे दोघांना दिसते, हे एका दृष्टीने पूर्ण न्यायाचे झाले. तरी मला इतकेच विचारावेसे वाटले की, गेल्या वर्षभरात 'कसले?' असे तू किती वेळा विचारलेस आणि तिने किती वेळा विचारले? मी विचारले नाही. हिशेब मागणाऱ्याकडे हिशेब मागू लागलो तर दादांच्या वहीचे आणखी एक पान तेवढे भरायचे.

दादा 1989 साली गेले, तेव्हा त्यांच्या साऱ्या वह्या मी बोहारणीला आणि रद्दीवाल्याला चुकवून स्वतःकडे आणल्या. एका पावसाळ्यात 1963 ची वही चाळली. जून महिन्यात, जमेच्या बाजूला, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले आहे: 'मेहुण्यांकडून मनीऑर्डरने, ताईच्या शिक्षणाकरिता, रु. 180', आणि ओळीच्या शेवटी, किंचित बारीक, 'असे म्हणते.'

त्या दोन शब्दांवर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत. त्यांना सगळे कळले होते आणि त्यांनी विचारले नाही? की हातात पावती नसलेल्या प्रत्येक रकमेपुढे असा शेरा मारायची ती कचेरीतली सवय होती? पाटल्यांच्या व्याजाचे 3 रुपये त्या महिन्याच्या खर्चातही आहेत. ते लिहिताना त्यांच्या मनात काय होते? मी ती वही आईला कधी दाखवली नाही. ताईला दाखवली. ती पान मिटून म्हणाली, "राहू दे."

मुलाशी बोलून दोन दिवस झाल्यावर दुपारी मी चहाचे पाहायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. पत्नी आणि सूनबाई ओट्याशी उभ्या होत्या. आईचा पिवळा डबा घासूनपुसून उन्हात वाळवलेला, ओट्यावर होता आणि शेजारी शेंगदाण्यांची पिशवी. मला पाहताच दोघी बोलायच्या थांबल्या.

मी विचारले, "साखर कुठल्या डब्यात आहे?"